वस्तू घरची, पेठ कुणाची?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा राजे-रजवाड्यांचा इतिहास लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, हे मी प्रारंभीच नम्रपणे सांगितले. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य कापडाच्या गादीवर गेलेले. गादीवर बसून जो इतिहास दिसतो तो खरेदी-विक्रीचा. त्यातही एक प्रकरण असे आहे की ज्याकडे इतिहासकारांचे व व्यापाऱ्यांचे सारखेच दुर्लक्ष झाले आहे. ते म्हणजे घरी बसून हाताने घडविलेल्या वस्तूंना पेठ कशी मिळाली, वा का मिळाली नाही, याचे. प्रस्तुत लेखात आपल्या भीमथडीपासून मुंबईपर्यंत या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न आपल्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो. पणदरे हे नीरा-बारामती रस्त्यावरचे बागायती गाव. येथील शेतकऱ्याला ऊस पिकविल्यावर गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नाही. कारखान्याची टोळी फडात येते, आणि उसाला किमान किती भाव द्यावा हे केंद्र सरकार दरवर्षी ठरविते. २००९ पासून त्यास एफआरपी म्हणतात. दुधाचेही तसेच. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्र उघडते, फॅट मोजले जाते आणि ठरल्या दिवशी हिशेब होतो. परंतु त्याच घरातील गृहिणीने महिनाभर बसून घातलेली गोधडी, विणलेले तोरण किंवा भरतकामाचा बटवा कोठे विकावयाचा, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. घर एकच, कष्टही सारखेच. मग उसाला व दुधाला जे लाभले ते घरच्या कलाकुसरीला का लाभू नये?

पेठ म्हणजे केवळ जागा नव्हे

पेठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रस्ता, दुकाने, पाल किंवा तंबू येतो. व्यापारी दृष्टीने पाहिल्यास पेठेला चार अंगे असतात. पहिले, विक्रीचा ठरलेला वार. दुसरे, मिळणारे रोख पैसे. तिसरे, भाव सांगण्याची विक्रेत्याला असलेली मोकळीक. चौथे अंग सर्वांत महत्त्वाचे असून बहुधा विसरले जाते : माल न खपल्यास तो कोणाच्या अंगावर पडणार?

आपल्या धंद्यात 'जांगड' हा शब्द सर्वपरिचित आहे. माल दुकानात ठेवावयाचा, खपला तर पैसे, न खपला तर परत. सराफी व कापड व्यवसायात जांगडाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि दोन सारख्या ऐपतीच्या व्यापाऱ्यांमध्ये तो सोयीचाही आहे. पण घरी वस्तू करणाऱ्या बाईचा माल जेव्हा जांगड ठेवला जातो, तेव्हा त्याचा हिशेब निराळा होतो. कापड, दोरा, श्रम तिचे. भांडवल अडकते तिचे. फडताळात वस्तू मळली तर नुकसानही तिचेच. मोठ्या गिरणीचा माल व्यापाऱ्याला महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर मिळतो, पण तेथे उधारी देणारा बलाढ्य असतो. घरगुती मालाच्या बाबतीत मात्र सर्वांत दुबळा माणूस दुकानदाराला बिनव्याजी भांडवल पुरवितो. हे सूत्र ध्यानी ठेवून पुढील इतिहास वाचावा, अशी वाचकांस विनंती आहे.

जत्रेतील घोंगडी

आपल्या भागातील सर्वांत जुनी घरगुती कारागिरी कोणती, असे विचारल्यास घोंगडीचेच नाव घ्यावे लागेल. बारामती, इंदापूर, फलटण, माण हा कमी पावसाचा पट्टा. मेंढपाळी हा येथला पूर्वापार व्यवसाय. मेंढ्यांची लोकर कातरली जाई, पिंजली जाई, धनगर स्त्रिया घरी वा वाड्यावर तिचे सूत कातीत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून सणगर, खुटेकर खड्डामागावर घोंगडी विणीत. शेतकऱ्याला ती पावसात खोळ म्हणून, थंडीत पांघरूण म्हणून व पाहुण्याला बैठक म्हणून लागे.

या घोंगडीची पेठ म्हणजे आठवड्याचा बाजार आणि जत्रा. शिखर शिंगणापूर, म्हसवड, जेजुरी, पंढरपूर येथील यात्रांना लोक देवदर्शनास जात आणि वर्षाची खरेदीही करून येत. या पेठेत चारपैकी तीन अंगे होती. दिवस तिथीने ठरलेला, पैसे बहुधा रोख, आणि विणणारा स्वतः समोर बसलेला असल्याने भाव त्याच्या तोंडून निघे. न खपलेला माल मात्र पाठीवर घेऊन परत यावे लागे. पण घोंगडी नासत नाही. एका जत्रेत राहिली तर दुसऱ्या जत्रेत जाई. यामुळे ही कारागिरी शतकानुशतके टिकली.

पुढे दोन कारणांनी ती खालावली. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. पुढील काळात माळरानावर ऊस उभा राहिला, आणि चराईची जागा आक्रसत गेली. दुसरे कारण आमच्याच व्यवसायातले : गिरणीची स्वस्त चादर, व नंतर कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट. ते वजनाला हलके, धुण्यास सोपे, आणि रोज उघड्या असणाऱ्या दुकानात मिळणारे. घोंगडी जत्रेची वाट पाहत राहिली आणि गिऱ्हाईक दुकानात गेले.

सुप्याचा धडा

जुन्या बाजाराचे केवळ गोडवे गाणे योग्य होणार नाही. आपल्याच तालुक्यातील सुपे हे बाजारपेठेचे गाव. १२ मे १८७५ रोजी तेथे जो उद्रेक झाला तो इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदला गेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढविला होता आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. सुप्यात जमलेल्या लोकांनी सावकार-दुकानदारांच्या वह्या व कर्जरोखे मागितले आणि जाळले. सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

ज्यांच्या वह्या जळाल्या ते बहुतांशी गुजर व मारवाडी व्यापारी होते. म्हणजे ही घटना आपल्या समाजाच्या इतिहासाचाही भाग आहे. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत असे पान वगळण्याचा मोह होतो. परंतु मला ते वगळू नये असे वाटते, कारण पेठेच्या संदर्भात त्याचा धडा मोठा आहे. जो माल घेतो तोच कर्ज देतो, तोच भाव ठरवितो आणि तोच वही लिहितो, अशी स्थिती झाली की विकणाऱ्याला भावाविषयी बोलण्यास तोंडच राहत नाही. बाजार गावात होता, दुकान हाकेच्या अंतरावर होते, तरीही शेतकऱ्याला पेठ नव्हती. जागा जवळ असणे आणि पेठ मोकळी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद आजच्या घरगुती वस्तूंनाही तंतोतंत लागू पडतो.

शिक्षण वाढले, चरखा आला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या हातांना काम देण्याचा विचार सुरू झाला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळानंतर शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे मुक्तिसदन उभारले व निराधार स्त्रियांना विणकाम, छपाई यांसारखी कामे शिकविली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने सेवासदन स्थापन झाले. तेथे शिवण, भरतकाम यांचे वर्ग चालत. या संस्थांचे ऋण फार मोठे आहे. पण शिकून घरी परतलेल्या बाईपुढे पेठेचा प्रश्न उरतच होता. हात तयार करणे हे शिक्षणसंस्थेचे काम. त्या हातांना गिऱ्हाईक मिळवून देणे हे व्यापाराचे काम, आणि व्यापार या बाबतीत स्वस्थ बसला होता.

गांधीजींनी मात्र दोन्ही बाजू एकत्र आणल्या. ते स्वतः वणिक कुळातले होते, हे येथे आठवते. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. संघ सूत विकत घेई, विणून घेई आणि खादी भांडारातून कापड विकी. कातणारणीला गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. १९३५ मध्ये गांधीजींनी आणखी एक आग्रह धरला : सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. विक्री घटेल अशी भीती कार्यकर्त्यांना वाटत होती. पण गांधीजी बधले नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा तेथे ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरविण्यात आले. आज ठिकठिकाणी भरणाऱ्या ग्रामीण वस्तूंच्या प्रदर्शनांचे ते एक पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

गिरगावातील गच्ची

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे सर्वांत यशस्वी उत्तर मिळाले ते मुंबईत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतलेले ऐंशी रुपयांचे कर्ज हे त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. पुढे 'लिज्जत' या नावाने जगभर गेलेल्या उद्योगाचा हा आरंभ. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री प्रदान झाली.

पापड ही काही कलाकुसर नव्हे, असे कोणी म्हणेल. तरीही पेठेच्या दृष्टीने त्यातील बारकावे पाहण्यासारखे आहेत. सुरुवातीला दोन दर्जांचे पापड करावेत, त्यातला एक स्वस्त असावा, असा विचार होता; पारेख यांनी एकच उत्तम दर्जा ठेवण्याचा सल्ला दिला. पहिल्याच वर्षी पावसामुळे पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी घेतली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशा रीतीने भर पावसातही माल वेळेवर जाऊ लागला. दुकानदाराचा विश्वास बसतो तो अशा गोष्टींवर. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये होती. देणग्या घ्यावयाच्या नाहीत, हाही नियम त्यांनी आरंभीच केला.

या व्यवस्थेचे मर्म असे की, बहिणी केंद्रावरून पीठ घरी नेतात, पापड लाटून व वाळवून परत आणतात, तेथे तपासणी होते आणि लाटण्याची मजुरी तेथेच हाती पडते. पापड पुढे कधी व कोठे खपेल याची चिंता त्या एकटीची नसते; ती संस्थेची असते, आणि संस्थेची मालकी सर्व बहिणींची. म्हणजे येथे जांगड नाही. पेठेचे चौथे अंग प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर येथे पुरे झाले. भुलेश्वरातील त्या व्यापाऱ्याचे नाव इतिहासाने ठळकपणे जपलेले नाही. पण त्याने चार पाकिटे घेतली नसती तर पाचवे निघाले असते का, हा विचार आम्हा व्यापाऱ्यांनी करण्याजोगा आहे.

बचत गट आणि भीमथडी जत्रा

१९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी रोजी, राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि गावोगाव गट उभे राहिले. २०११ नंतर 'उमेद' अभियानाने ही घडी अधिक व्यवस्थित केली. गटामुळे स्त्रियांना कर्ज सुलभ झाले. सुप्याच्या काळातील एक गाठ, म्हणजे खरेदीदार व सावकार एकच असण्याची, ती सुटली. कर्ज बँकेचे आणि माल आपला. आता उणीव उरली ती खरेदीदाराची.

ती भरून काढण्यासाठी शासनाने 'महालक्ष्मी सरस'सारखी प्रदर्शने भरविली. आपल्या दृष्टीने विशेष अभिमानाची गोष्ट म्हणजे बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या माध्यमातून, सुनंदाताई पवार यांच्या पुढाकाराने, या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात सुरू झालेली 'भीमथडी जत्रा'. आपल्या जुन्या तालुक्याचे नाव तिला दिलेले आहे. डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या या जत्रेत ग्रामीण महिलांचे गट खाद्यपदार्थांसोबत हस्तकलेच्या वस्तूही मांडतात आणि शहरी कुटुंबे हौसेने खरेदी करतात.

गोधडीची कथा या संदर्भात लक्षणीय आहे. गोधडी ही मुळात विकण्याची वस्तूच नव्हती. जुने लुगडे, धोतर, झंपराचे तुकडे एकावर एक ठेवून आजी नातवंडासाठी ती शिवीत असे. तिला किंमत लावणे कोणास सुचले नसते. शहरात लुगडी व धोतरे गेली, शिवणाऱ्या आज्या गेल्या, आणि मग गोधडी ही मागणीची वस्तू झाली. टाक्यांची बारीक ओळ पाहून शहरातील गिऱ्हाईक हवा तो भाव देऊ लागले. वस्तू तीच, हात तेच. बदलले ते ठिकाण.

तथापि जत्रा म्हणजे वर्षातील काही दिवस. घोंगडीला वर्षभर अनेक जत्रा लाभत. एका मोठ्या प्रदर्शनावर विसंबणाऱ्या गटाला उरलेले महिने काय करावे हा प्रश्न पडतोच.

अलीकडील अनुभव

गेल्या काही वर्षांत पेठ अचानक उघडण्याचे व तितक्याच अचानक मिटण्याचे दोन प्रसंग आपण पाहिले. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि कापडी पिशव्यांना मागणी आली. २०२० च्या कोरोना काळात बचत गटांनी गावोगाव मास्क शिवले. मास्कची पेठ साथीबरोबर आली आणि साथीबरोबर गेली. पिशव्यांची पेठ मात्र जेथे कोणी नियमित घेणारा राहिला तेथे टिकली.

याबाबत आमच्या दुकानाचा लहानसा अनुभव नमूद करतो. एका गटाच्या पिशव्या आम्ही जांगड न ठेवता रोखीने घेण्याचे ठरविले. घेतानाच शिवण तपासावयाची, बंद ओढून पाहावयाचा, नापसंत पिशवी तेथेच परत द्यावयाची, आणि उरलेल्यांचे पैसे त्याच वेळी मोजावयाचे. तीन-चार फेऱ्यांत शिवणीत फरक पडला. पैसे हाती पडताच त्याच बायका पुढील कापड आमच्याकडूनच रोखीने नेऊ लागल्या. यात उपकाराचा भाग नाही. हा सरळ व्यापार आहे.

ऑनलाइन विक्रीचा मार्गही आता मोकळा होत आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यास ऑनलाइन दुकानांवरून माल विकता येत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असल्यास व विक्री राज्यांतर्गत असल्यास, पॅनच्या आधारे नाव नोंदवून असा माल विकता येतो. २०२२ पासून रेल्वेनेही 'एक स्थानक एक उत्पादन' या योजनेत स्थानकांवर स्थानिक वस्तूंसाठी जागा देण्यास प्रारंभ केला आहे. ही साधने उत्तम आहेत. पण छायाचित्र काढणे, वेष्टन करणे, परत आलेला माल सोसणे हे सारे पुन्हा करणारीच्याच अंगावर येते. ऑनलाइन दुकानातही जांगड सुटलेले नाही. फक्त फडताळ दूर गेले आहे.

आपल्या हाती काय आहे

दीडशे वर्षांच्या या इतिहासाचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येईल : करणारे हात आपल्याकडे कधीच कमी नव्हते, न खपलेल्या मालाचा भार वाटून घेणारा जेथे भेटला तेथेच ती कारागिरी जगली. चरखा संघ, लिज्जत आणि आपले ऊस व दूध यांना जोडणारा धागा हाच आहे.

आपला समाज व्यापारी आहे, आणि आपल्या संस्थेत वर्षभर काही ना काही कार्यक्रम होत असतात. पर्युषणात, तपाच्या पारण्याला, प्रतिष्ठेच्या वर्धापनदिनी प्रभावना वाटली जाते. सामायिकासाठी आसने लागतात, पूजेच्या साहित्यासाठी पिशव्या लागतात, ग्रंथांना वेष्टने लागतात. यांपैकी कित्येक वस्तू शहरातील घाऊक बाजारातून येतात. त्या पणदरे परिसरातील महिलांकडून, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत, वर्षारंभी नमुना व दर ठरवून, माल तपासून आणि रोखीने घेतल्या, तर त्यांच्यासाठी तीच बारमाही पेठ ठरेल. महिन्यातील एक वार ठरवून संस्थेच्या सभागृहाचा एक कोपरा खरेदीसाठी उघडा ठेवणे, एवढीच त्यासाठी जागा लागेल. दर भिंतीवर लिहिलेला असावा, वही दोघांनाही वाचता यावी, आणि घेणाऱ्याने कर्ज देऊ नये. सुप्याने शिकविलेले हे तीन नियम पाळले म्हणजे पुरे.

पन्नास वर्षांत संस्थेने वास्तू उभी केली, निधी उभा केला, विश्वास मिळविला. यांपैकी विश्वास हेच व्यापारातील खरे भांडवल होय. ते वापरल्याने कमी होत नाही. पुढील पन्नास वर्षांच्या जमाखर्चात त्याचा थोडा अंश शेजारच्या घरात सुई-दोरा घेऊन बसलेल्या हातांच्या नावे जमा व्हावा, एवढीच या निमित्ताने समाजबांधवांना प्रार्थना आहे.